दैनंदिन कामातील उत्साह व समाधान : इचोडा परिसरातील काही उदाहरणे

सकाळी कामावर निघताना पाऊल जड होते आणि सायंकाळी परतताना दिवस व्यर्थ गेल्यासारखा वाटतो, अशी तक्रार शेतमजुरापासून कचेरीतील कारकुनापर्यंत आणि शिक्षकापासून ग्रामपंचायतीच्या सफाई कामगारापर्यंत सर्वांच्या तोंडी ऐकू येते. याउलट तेच काम, तितक्याच वेतनावर आणि तशाच अडचणींत करणारी काही माणसे दिवसअखेरही टवटवीत दिसतात. हा फरक केवळ स्वभावाचा आहे असे मानून आपण मोकळे होतो. वास्तविक पाहता त्यामागे काही निश्चित कारणे असतात, आणि ती समजून घेतली तर गावकारभारात, शाळेत व कचेरीत त्यांचा उपयोग करून घेता येतो.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, आदिलाबाद व निर्मल यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वसलेले इचोडा हे मंडलाचे गाव. बाजारपेठेत तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू व बंजारी या भाषा कानी पडतात. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग मराठी मुलुखात गेले आणि उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. तेलंगणाची निर्मिती २०१४ मध्ये झाली, आणि २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे करण्यात आले. सीमा बदलल्या तरी मराठीशी असलेला या मुलुखाचा संबंध तुटलेला नाही. कामातील समाधानाचा विचार करताना याच परिसरातील अधिकारी, शिक्षक, कारागीर व ग्रामसफाई यांची उदाहरणे उद्बोधक ठरतात.

थकवा कशाने येतो?

श्रमाने शरीर थकते हे खरे. परंतु तो थकवा जेवणाने व झोपेने उतरतो. रात्रभर झोप घेऊनही जो उतरत नाही तो थकवा निराळा. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि दिवस मावळताना होता तेथेच उभा असतो. आपल्या कामाचे पुढे काय झाले हे ज्याला कधीच कळत नाही, त्या माणसाची अवस्थाही काहीशी अशीच होते. मग तो पाट्या टाकू लागतो. काम नावाला होते, परंतु त्यात जीव नसतो.

अमेरिकेतील हॅकमन व ओल्डहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात कामाच्या स्वरूपाचा अभ्यास करून पाच गोष्टी महत्त्वाच्या ठरविल्या. कामात निरनिराळ्या कौशल्यांना वाव असावा. काम आरंभापासून शेवटापर्यंत एकसंध दिसावे. त्याचा इतरांच्या जीवनाशी असलेला संबंध कळावा. ते कसे करावे याविषयी काम करणाऱ्याला थोडेफार स्वातंत्र्य असावे. आणि काम बरे झाले की वाईट, हे त्याला कामातूनच समजावे. या पाच गोष्टी असतील तेथे कामाची ओढ वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मराठी माणसाला हा विचार परका वाटू नये. अरणच्या सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला. गोरोबांनी चिखल तुडविताना आणि सेना महाराजांनी आपला न्हाव्याचा व्यवसाय करताना त्याचेच स्मरण केले. नित्याचे काम हे पोटासाठी करावयाचे आणि जीवनाचे सार्थक अन्यत्र शोधावयाचे, ही विभागणी या संतांनी मान्य केली नाही.

बदलीच्या ठिकाणी मिळालेले विद्यापीठ

डोंगराळ व आदिवासी भागात झालेली बदली सरकारी नोकरीत अनेकांना नकोशी वाटते. तेथील दिवस कसेबसे काढावयाचे आणि पुढील बदलीची वाट पाहावयाची, अशी वृत्ती मग बळावते. या वृत्तीला छेद देणारे उदाहरण सेतुमाधवराव पगडी यांचे आहे. निलंगा येथे १९१० मध्ये जन्मलेले पगडी हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत होते. १९४० च्या दशकात आदिवासींसाठी नेमलेले विशेष अधिकारी म्हणून त्यांनी आदिलाबाद जिल्ह्यात काम केले.

तो काळ सोपा नव्हता. जमीन व जंगल यांवरील हक्कांसाठी झालेल्या संघर्षात कोमुरम भीम यांचा १९४० मध्ये जोडेघाट येथे मृत्यू झाला होता. आदिवासींच्या मनात सरकारी माणसाविषयी धास्ती होती. अर्जदार गोंडी बोलणार, कचेरीचा कागद उर्दूत असणार आणि मध्ये दुभाषा उभा राहणार. अशा स्थितीत अर्जदाराचे मूळ म्हणणे अधिकाऱ्यापर्यंत कितपत पोचत असेल, याची कल्पना करता येते. पगडींनी गोंडी भाषा शिकून घेतली. ती शिकताना त्यांना तिच्या रचनेची गोडी लागली. आदिलाबादच्या गोंडांविषयी त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला; १९५० मध्ये कोलामी भाषेचे आणि १९५४ मध्ये गोंडी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटिअर विभागात आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या फार्सी साधनांवर त्यांनी जे विपुल काम केले, त्याबद्दल ते महाराष्ट्राला परिचित आहेत. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या उदाहरणातून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. ज्या लोकांचे काम करावयाचे त्यांची भाषा शिकणे हा कर्तव्याचाच भाग होता. त्याच शिकण्यातून अधिकाऱ्याला आयुष्यभर पुरणारा विषयही मिळाला. प्रत्येक कर्मचारी व्याकरण लिहील असे नाही. परंतु इचोडा मंडलात नेमणूक झालेल्या कर्मचाऱ्याने गोंडीतील शंभर शब्द शिकले, तरी समोरच्या वृद्धेचा चेहरा बदलतो, आणि तो बदल पाहून कर्मचाऱ्याचा दिवसही बदलतो.

कामातील हे समाधान म्हणजे कर्मचाऱ्याची खासगी चैन नव्हे. १९४० च्या दशकात या जिल्ह्यात अकरा हजारांहून अधिक आदिवासी कुटुंबांना सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे देण्यात आले. एकेक शेत मोजणे, एकेक नाव नोंदविणे, एकेक हरकत ऐकणे अशा शेकडो कंटाळवाण्या दिवसांतून हे काम उभे राहिले. पुढील दशकांत यातील बरीच जमीन पुन्हा आदिवासींच्या हातून निसटली. साचलेल्या असंतोषाची परिणती इंद्रवेल्ली येथील २० एप्रिल १९८१ च्या घटनेत झाली; त्या दिवशीच्या गोळीबारात अनेक आदिवासींचे प्राण गेले. कचेरीतील नोंद मन लावून केली जाते की उरकली जाते, यावर कोणाच्या तरी पायाखालची जमीन अवलंबून असते, याची जाणीव ज्याला आहे त्याला आपले काम क्षुल्लक वाटणे शक्य नाही.

मारलवाईची शिक्षणशाळा

दुसरे उदाहरण शिक्षकांचे आहे. जोडेघाटच्या घटनेनंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे गोंडांच्या स्थितीचा अभ्यास सोपविला. ते व त्यांच्या पत्नी बेट्टी जैनूरजवळील मारलवाई या खेड्यात राहिले. तेथे १९४३ मध्ये गोंड शिक्षण योजना सुरू झाली आणि शिक्षक तयार करणारे केंद्र उघडण्यात आले.

योजनेपुढील पहिली अडचण शिक्षकांचीच होती. गोंडी जाणणारे शिक्षक नव्हते आणि बाहेरून आलेल्या शिक्षकांना गोंडी येत नव्हती. तेव्हा थोडेफार मराठी लिहिता-वाचता येणारे काही गोंड तरुण निवडून त्यांनाच शिक्षक करण्याचे ठरले. गोंडीसाठी देवनागरी लिपी स्वीकारून वाचनपाठ तयार झाले. या भागातील गोंडांना मराठीचा परिचय असल्यामुळे गोंडी वाचता येऊ लागलेले मूल पुढे मराठीकडे सहज वळू शके.

स्वतःच नुकतेच शिकलेले हे तरुण दूरच्या पाड्यांवर शाळा चालवू लागले. मोठी इमारत नाही, साधने तुटपुंजी, आणि काम मात्र रोज तेच : अक्षर गिरवून घेणे, उच्चार सुधारणे, न आलेल्या मुलाच्या घरी जाणे. तरीही या कामात एक बळ होते. आपण जी भाषा घरी बोलतो ती कागदावर उमटते, हे पाहून विद्यार्थ्याला होणारा आनंद शिक्षक आपल्या डोळ्यांनी पाहत होता. काल ज्याला अक्षर कळत नव्हते तो आज सावकाराच्या कागदावरील आकडा ओळखतो, यापेक्षा कामाची मोठी पावती दुसरी कोणती असू शकेल? या केंद्रातून तयार झालेल्यांपैकी काहीजण पुढे शासनाच्या अन्य खात्यांतही गेले.

राज्यपुनर्रचनेनंतर शाळांची भाषा बदलली आणि ती योजना मूळ स्वरूपात राहिली नाही. परंतु मारलवाई गाव ते काम विसरले नाही. बेट्टी हायमेनडॉर्फ यांचा १९८७ मध्ये मृत्यू झाला. त्यांची समाधी मारलवाई येथे आहे आणि तेथे दरवर्षी जानेवारीत त्यांचे स्मरण केले जाते.

आजच्या शिक्षकाला यातून एक उपाय सुचतो. वर्षाअखेरचा निकाल हे शिक्षकाच्या कामाचे फळ मानले जाते. परंतु ते फार उशिरा हाती येते. प्रत्येक मुलाने या आठवड्यात कोणती नवी गोष्ट साध्य केली, याची एका ओळीची नोंद शिक्षकाने स्वतःसाठी ठेवली, तर फळ आठवड्याला दिसू लागते. अशी वही वरिष्ठांना दाखविण्यासाठी ठेवावयाची नाही. तिचा उपयोग शिक्षकाच्या स्वतःच्या मनाला व्हावयाचा आहे.

मडके कोणाच्या हाती जाणार?

इंद्रवेल्ली मंडलातील केस्लापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातील गोंड या देवतेचे पूजक आहेत. पूजेसाठी गोदावरीचे पाणी आणण्याकरिता ते अनवाणी चालत जातात. या विधीला लागणारी मातीची मडकी सिरिकोंडा येथील कुंभारांकडून घडवून घेण्याची परंपरा आहे. सिरिकोंडा पूर्वी इचोडा मंडलात होते. आता ते स्वतंत्र मंडल आहे.

कुंभाराच्या दृष्टीने माती तीच, चाक तेच आणि हातही तेच. परंतु बाजारात ढिगाने विकावयाचे मडके आणि मेस्रामांनी स्वतः येऊन सांगितलेले मडके यांत फरक आहे. दुसरे मडके कोणासाठी, कशासाठी आणि केव्हा लागणार, हे घडविणाऱ्याला ठाऊक असते. काम घेणारा व काम करणारा समोरासमोर आले की कामाला अर्थ येतो, हे तत्त्व या जुन्या रिवाजात आपोआप जपले गेले आहे.

याच जत्रेत १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने दरबाराची प्रथा सुरू झाली. अधिकाऱ्यांनी जत्रेत येऊन आदिवासींची गाऱ्हाणी समक्ष ऐकावीत, हा तिचा हेतू. दरबाराचा लाभ अर्जदारांना होतो हे उघड आहे; अधिकाऱ्यांनाही तो होऊ शकतो. फायलीतील क्रमांकाला तेथे चेहरा मिळतो.

झाडूपासून खतापर्यंत

ग्रामसफाई हे काम अत्यंत आवश्यक आणि तितकेच उपेक्षित. सकाळी झाडलेला रस्ता सायंकाळी पुन्हा घाण होतो. त्यामुळे श्रम पाण्यात गेल्याची भावना या कामात सर्वांत लवकर येते. गाडगेबाबांनी हाती झाडू घेऊन गावोगाव या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि त्यांचे नाव घेणे सोपे आणि कामाची रचना बदलणे अवघड, असा अनुभव आहे.

तेलंगणात सप्टेंबर २०१९ पासून राबविलेल्या ‘पल्ले प्रगती’ कार्यक्रमात ग्रामपंचायतींना कचरा वाहण्यासाठी ट्रॅक्टर व कचरा वेगळा करण्यासाठी शेड यांची जोड मिळाली. इचोडा मंडलातील मुखरा (के) या ग्रामपंचायतीने या साधनांचा चांगला उपयोग केला. घरोघरचा ओला कचरा वेगळा घेऊन तेथे गांडूळखत तयार करण्यात आले. हे खत विकून पंचायतीला उत्पन्न मिळाले आणि त्यातील रक्कम सौरऊर्जेच्या संचासारख्या गावाच्या सोयींसाठी वापरण्यात आली.

गांडूळखताची कृती अवघड नाही, परंतु रोजचे लक्ष मागते. सावलीत, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर वाफा करावा. तळाशी काडीकचरा पसरावा, त्यावर अर्धवट कुजलेला ओला कचरा व शेण यांचे मिश्रण घालून गांडुळे सोडावीत आणि वरून ओले गोणपाट झाकावे. मीठ, तेल, मांस व आंबट फळांच्या साली यांत मिसळू नयेत. मुठीत दाबले असता हाताला ओल लागावी, परंतु पाणी गळू नये, इतपत ओलावा असावा. २० ते ३० अंश सेल्सियस तापमान गांडुळांना मानवते. आदिलाबादच्या कडक उन्हाळ्यात म्हणूनच दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा पाणी शिंपडावे लागते. साधारणतः ४५ ते ६० दिवसांत गडद तपकिरी, दाणेदार व मातीचा सुवास असलेले खत तयार होते. काढणीपूर्वी चार-पाच दिवस पाणी थांबविले म्हणजे गांडुळे खाली जातात. मग वरचे खत गोळा करून चाळून घ्यावे.

सफाई कामगाराच्या दृष्टीने या कृतीचे महत्त्व खतापुरते मर्यादित नाही. पूर्वी त्याचे काम कचरा गावाबाहेर टाकला की संपत असे. आता तोच कचरा दोन महिन्यांनी त्याच्या हातात खत होऊन येतो, त्याचे वजन होते, ते कपाशीच्या शेतात जाते आणि त्याच्या पैशातून गावात दिवा लागतो. त्याला ओलावा ओळखता यावा लागतो, वाफ्याची उष्णता जाणता यावी लागते. झाडण्याच्या श्रमाला ज्ञानाची जोड मिळाली आणि कामाला आरंभ व शेवट प्राप्त झाला. हॅकमन व ओल्डहॅम यांनी सांगितलेल्या पाचही गोष्टी एका खताच्या शेडमध्ये एकत्र येऊ शकतात.

परदेशातील एक अभ्यासही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. एमी रेझनेव्स्की व जेन डटन या अमेरिकन संशोधिकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात एका रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांची हकीकत दिली आहे. काहीजण नेमून दिलेल्या कामापुरतेच पाहत होते. इतर काहीजण रुग्णांची व त्यांच्या नातलगांची विचारपूस करीत, आणि आपण रुग्ण बरा होण्याच्या कामाचाच एक भाग आहोत असे मानत. दोघांचे काम एकच होते, परंतु दुसऱ्या गटाला ते अधिक कौशल्याचे व अधिक मोलाचे वाटत होते.

समाधान हा वेतनाचा पर्याय नव्हे

येथे एक धोका स्पष्ट केला पाहिजे. ‘कामातच आनंद माना’ हा उपदेश ज्याला वेतन वेळेवर मिळत नाही त्याला केला, तर तो उपदेश न राहता थट्टा ठरते. हातमोजे व गमबूट न देता सफाई कामगाराच्या सेवावृत्तीचा गौरव करणे किंवा अनेक वर्ग एकाच शिक्षकाच्या गळ्यात टाकून त्याच्याकडून उत्साहाची अपेक्षा करणे योग्य नव्हे. वेळेवर वेतन, सुरक्षित साधने आणि माणुसकीची वागणूक हा पाया आहे. पाया नसेल तेथे समाधानाची भिंत उभी राहत नाही.

शरीराचीही काळजी तितकीच आवश्यक आहे. वैशाखातील उन्हात दुपारी काम करून कोणाचाही उत्साह टिकत नाही. शेतातील व रोजगाराची कामे पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी आटोपावीत. कामाच्या जागी सावली व पिण्याचे पाणी असावे. सततचा अशक्तपणा हा आळस मानला जातो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा रक्तक्षयाचा, विशेषतः स्त्रियांमध्ये, परिणाम असतो. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घेणे हाच खरा उपाय होय.

काय करता येईल?

वरील विवेचनावरून काही साध्या सूचना करता येतात.

१. ग्रामपंचायतीने सफाई कामगारांच्या श्रमातून किती खत झाले व त्याचे पैसे कोठे खर्ची पडले, हे ग्रामसभेत त्यांच्या उपस्थितीत सांगावे.

२. कार्यालयप्रमुखाने आठवड्यातून एकदा, निकाली निघालेल्या प्रकरणांपैकी एखाद्याचा प्रत्यक्ष परिणाम काय झाला, हे संबंधित लिपिकाला कळवावे. पट्टा मिळालेल्या शेतकऱ्याची भेट झाली तर अधिकच चांगले.

३. शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या घरच्या भाषेतील शब्द वर्गात आणावेत आणि त्यांच्या प्रगतीची छोटी नोंद स्वतःसाठी ठेवावी.

४. शेतकऱ्याने पेरणीची तारीख, पाऊस, खत व उत्पन्न यांची वही ठेवावी. एक वर्षाची वही हिशेब सांगते. पाच वर्षांच्या वह्या शिकवू लागतात.

५. प्रत्येकाने आपल्या कामातील एखादी गोष्ट दरवर्षी नव्याने शिकावी. शिकणे थांबले की काम जुने होते.

६. काम कसे करावे याविषयी काम करणाऱ्याचे मत विचारावे आणि ते योग्य असेल तर तसा बदल करावा.

यातील बहुतेक सूचनांना खर्च लागत नाही. लक्ष मात्र लागते. नोंदवहीतील नाव, फळ्यावरील अक्षर, चाकावरचे मडके आणि वाफ्यातील ओलावा ही सर्व रोजची कामे आहेत आणि उद्याही ती करावीच लागणार आहेत. ती कोणापर्यंत पोचतात हे काम करणाऱ्याला दिसत राहिले, आणि ते त्याला दाखविण्याची जबाबदारी गावाने व शासनाने उचलली, तर सकाळचे पाऊल हलके होण्यास मदत होईल.